वर्णनबीज

दृश्यवाणी संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर काचेच्या सहा खोल्या होत्या. त्यातली खिडकीकडची खोली प्रमिला डोंगरदिवेची. खिडकीचा तिला उपयोग नव्हता, पण सकाळी तिथून ऊन आत यायचं आणि ते हातावर पडलं की दहा वाजले हे तिला कळायचं. अमरावतीत ही संस्था सुरू झाली तेव्हापासून, म्हणजे गेली चौदा वर्षं, ती तिथे तपासनीस होती.

एकतिसाव्या वर्षी काचबिंदूने तिची दृष्टी गेली. त्याआधी ती शाळेत भूगोल शिकवायची. आता ती बावन्न वर्षांची होती आणि देशातल्या सर्वांत जुन्या तपासनिसांपैकी एक होती. काम समजायला सोपं होतं. इंटरनेटवर चढणाऱ्या प्रत्येक चित्राला, प्रत्येक फोटोला शब्दांत लिहिलेलं वर्णन जोडलंच पाहिजे असा कायदा होऊन वीस वर्षं झाली होती. कोट्यवधी चित्रांची वर्णनं माणसं लिहू शकत नाहीत, म्हणून ती 'वाचक' नावाची यंत्रणा लिहायची. ती वर्णनं ऐकून दृष्टिहीन माणसापुढे चित्र उभं राहतं का, हे प्रमिला ठरवायची. वर्णन चित्राशी जुळतं का, हे पलीकडच्या खोल्यांतले डोळस सहकारी बघायचे.

तिचा कान तयार होता. हेडफोनमधला आवाज ती इतरांच्या तिप्पट वेगाने ऐकायची आणि मध्येच थांबवून विचारायची, की दुपारचा फोटो म्हणता तर सावल्या कुठे आहेत, किंवा बाई भांडं उचलते आहे तर दुसरा हात कुठे गेला. सहकारी पडद्यावर बघायचे आणि सांगायचे, नाही प्रमिलाताई, वर्णनात आहे तसंच चित्र आहे. गेल्या चार-पाच वर्षांत हे उत्तर फार वेळा यायला लागलं होतं. वाचक सुधारला असेल, असं तिने धरून चालवलं होतं.

तिची धाकटी बहीण रत्ना अकोल्याला बँकेत होती. रत्नाच्या मुलीला शाळेसाठी घरच्यांची माहिती लिहायची होती. त्यासाठी रत्नाने चिखलदऱ्याचा जुना फोटो शोधून काढला आणि ताईलाही पाठवला. प्रमिलाने तो संस्थेत, दुपारच्या सुट्टीत उघडला. हा फोटो तिला पाठ होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आई-बाबा, ती, रत्ना आणि मधला भाऊ संघपाल असे पाचजण चिखलदऱ्याला गेले होते. कुण्या प्रवाशाच्या हातात तिने आपला फोन दिला होता. फोटो काढताना कुणीतरी हाक मारली म्हणून संघपालने मान वळवली आणि तो कडेच्या झाडाआड निम्मा झाकला गेला. दोन महिन्यांनी मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. त्याचा स्वतःचा फोन त्याच अपघातात फुटला आणि त्यातले फोटोही गेले. तो दिसतो असा घरात हा एवढाच फोटो उरला होता.

वाचकाने सांगितलं: लोखंडी कठडा, मागे दरी, दरीत धुकं. कठड्यापुढे चार माणसं. हिरव्या साडीतली पन्नाशीची स्त्री, टोपी घातलेला पुरुष, वेणी घातलेली तरुणी, तिचा हात धरून उभी असलेली आठेक वर्षांची मुलगी. उजव्या कडेला झाडाचं खोड.

तिने ते तीनदा ऐकलं. मग रत्नाला फोन लावला आणि फोटोत माणसं किती आहेत ते मोजायला सांगितलं. चार, रत्ना म्हणाली. झाडापाशी कोण आहे, असं विचारल्यावर म्हणाली, झाडापाशी झाडच आहे. मग तिने विचारलं, दादा त्या वेळी आला नव्हता का?

तो गेला तेव्हा रत्ना तिसरीत होती. दादाबद्दल तिला जे आठवत होतं त्यातलं बरंचसं या फोटोवरूनच आठवत होतं.

प्रमिला उठली आणि काठी घेऊन तळमजल्यावर डॉ. गावितांकडे गेली. दिलवरसिंग गावित हे मूळचे नवापूरचे, चित्रशास्त्र विभागाचे प्रमुख. हळू बोलायचे आणि बोलण्याआधी खुर्ची मागे सरकवायची त्यांना सवय होती. तिचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी खुर्ची सरकवली, उठून दार लावलं आणि परत येऊन बसले.

"मूळ फोटो आता कुठेच नाही, प्रमिलाताई."

"रत्ना तर बघतेय."

"ती बघतेय ते दर वेळी नव्याने काढलेलं चित्र आहे." गावित सांगू लागले. "आपण दृष्टिहीनांसाठी वर्णनं लिहिली. त्यांत रंग, अंतरं, कोण कुठे उभं, कुणाचा हात कुठे, सगळं नोंदवलं. ती इतकी नेमकी झाली की साठवण करणाऱ्यांच्या लक्षात आलं, वर्णन हाताशी असेल तर त्यावरून चित्र पुन्हा काढता येतं. मग चित्राने अडवलेली जागा कशाला अडवू द्यायची? पाच वर्षं कुणी न उघडलेला फोटो असला की ते चित्र पुसतात आणि वर्णन तेवढं ठेवतात. त्याला आम्ही वर्णनबीज म्हणतो. कुणी फोटो उघडला की त्या क्षणी बीजातून चित्र तयार होतं. याला सहा वर्षं झाली."

"आणि बीजात जे लिहिलेलं नाही?"

"ते सर्वांत जास्त शक्य असेल तसं भरलं जातं. झाडाआडचा निम्मा माणूस वाचकाला खोडाचाच भाग वाटला असेल. बीजात तो आला नाही. म्हणून चित्रात नाही."

प्रमिलाला पलीकडच्या खोल्यांतले सहकारी आठवले. वर्णनात आहे तसंच चित्र आहे, ताई. ते वेगळं असणार तरी कसं? तपासणीला येणाऱ्या जुन्या फोटोंसाठी, वर्णनातूनच निघालेलं चित्र समोर धरून ते वर्णन तपासत होते. लोकांना हे सांगितलं आहे का, असं तिने विचारलं. करारात लिहिलेलं आहे, गावित म्हणाले. करार कोणी वाचत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

मग गावितांनी तिला दुसरी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या मते या सगळ्यात एकच वर्ग असा होता ज्याची आठवण शाबूत होती. डोळस माणूस ती पुन्हा काढलेली चित्रं रोज बघतो आणि त्याची आठवण चित्राकडे सरकत जाते. ज्यांनी एकेकाळी डोळ्यांनी पाहिलं आणि नंतर ज्यांची दृष्टी गेली, त्यांच्या मनातल्या चित्रावर दुसरं चित्र चढलेलं नाही.

"मूळ प्रत तुमच्याजवळ आहे," ते म्हणाले. "तपासनीस म्हणून तुम्हाला बीज दुरुस्त करायचा अधिकारही आहे. भाऊ कसा होता ते सांगा. तुम्ही सांगाल तसा तो येईल."

त्याच दुपारी आपल्या खोलीत बसून तिने संघपालला परत आणलं. बावीस वर्षांचा, सडपातळ, उंच तरुण. कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्यांचा निळ्या चौकटींचा शर्ट. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून नखांच्या कडेला पिवळा रंग. झाडाच्या खोडाला टेकलेला, मान वळवलेली. बोटांखालच्या ब्रेल पट्टीवर तिने सगळं पुन्हा वाचून पाहिलं आणि मान्य केलं.

रत्नाचा फोन पाच मिनिटांत आला. ती म्हणाली, ताई, तो माझ्याकडेच बघतोय.

तो बघत नव्हता, त्याने मान वळवली होती, असं प्रमिला सांगू लागली तेव्हा तिला काय झालं ते कळलं. मान वळवलेली, एवढंच तिने म्हटलं होतं. कुठे वळवलेली ते सांगितलं नव्हतं. फोटोत उभी असलेली माणसं बहुतेक वेळा कॅमेऱ्याकडे बघतात. यंत्राने ती मान सर्वांत शक्य त्या दिशेला वळवली होती आणि मान वळल्यावर लागणारा चेहराही स्वतःच बसवला होता.

रत्ना रडत रडत त्या चेहऱ्याचं वर्णन करत होती. कपाळ कसं, भुवया कशा, हसताना ओठ एका बाजूला कसे वर जातात. ताईला दिसत नाही म्हणून सगळं बारकाईने सांगत होती. प्रमिला ऐकत राहिली. हा संघपालचा चेहरा नव्हता. एकही रेघ जुळत नव्हती. पण रत्ना म्हणाली, मी त्याला विसरलेच होते गं, आणि ते ऐकल्यावर हे सांगायचं प्रमिलाच्या जिवावर आलं. उद्या सांगू म्हणून तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशीही तिने सांगितलं नाही.

तीन आठवडे गेले. रत्नाने फोटोची छापील प्रत काढून भिंतीवर लावली आणि मुलीला मामा दाखवला. रोज संध्याकाळी फोनवर ती दादाबद्दल काही ना काही विचारायची आणि प्रमिला सांगायची. रत्नाशी इतकं बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

मग एका रविवारी रत्नाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज वेगळा होता. तिने विचारलं, दादा नक्की कधी गेला?

"तू तिसरीत होतीस."

"मी पाचवीत असताना शाळेत बक्षीस मिळालं होतं. त्या समारंभाच्या फोटोत तो आहे. मंडपाच्या खांबापाशी उभा आहे."

प्रमिलाने तो फोटो उघडून ऐकला. बक्षीस घेणारी मुलगी, मुख्याध्यापक, मागे पालक. खांबापाशी सडपातळ, उंच तरुण, वय साधारण चोवीस. बाविसाव्या वर्षी गेलेला संघपाल त्या फोटोत चोवीस वर्षांचा झाला होता.

दुसऱ्या दिवशी गावितांनी सुसंगतीचा नियम समजावून सांगितला. एका घरच्या सगळ्या फोटोंची बीजं एकमेकांशी जोडलेली असतात, नाहीतर तीच व्यक्ती प्रत्येक फोटोत वेगळी निघाली असती. घरात अमुक एक माणूस आहे हे एकदा कळलं, की पुढच्या फोटोंमधल्या धूसर, अनोळखी आकृत्यांवर यंत्रणा आधी तोच चेहरा बसवून बघते. वय हिशेबाने वाढवत नेते. कुणी थांबवेपर्यंत नेतच राहते.

रत्नाला हे सगळं सांगायला प्रमिला मुद्दाम बसने अकोल्याला गेली. रत्नाने चहा दिला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की मग चिखलदऱ्याचा दादा खरा आणि शाळेतला खोटा, हे कोणी ठरवलं? दोन्ही एकाच यंत्राने काढले आहेत ना?

"मी ठरवलं," प्रमिला म्हणाली. "दोन्ही दिवस मी पाहिलेत."

"समारंभाचा दिवस मलाही आठवतो. तो खांबापाशी उभा होता. नंतर त्याने मला कंपासपेटी दिली."

"ती मी दिली होती, रत्ना."

"तुला दिसत नाही, ताई. मला दिसतंय."

ती हे रागाने म्हणाली नाही. आजारी माणसाला समजावतात तसं म्हणाली. आणि मग तिने जुनी गोष्ट काढली. संघपाल गेल्यावर महिनाभर घरच्यांनी तिला सांगितलं होतं, की दादा नागपूरला मोठ्या पाट्या रंगवायला गेलाय. ते खोटं होतं, हे नंतर प्रमिलानेच कबूल केलं होतं. आता रत्नाला प्रश्न पडला होता, की त्या दोन गोष्टींपैकी खोटी कोणती. तो घरातून भांडून निघून गेला होता का? ताईला ते माहीत होतं का? प्रमिला परतीच्या बसमध्ये बसली तेव्हा अकोल्यातलं ते घर तिच्यासाठी बंद झाल्यासारखं झालं होतं.

गावितांनी तिला दोन मार्ग सांगितले. चिखलदऱ्याच्या बीजातली दुरुस्ती मागे घेतली, की संघपाल सगळीकडून जाईल, त्या फोटोतूनही. हे तिने ऐकूनच नाकारलं. पुरावा ताईने पुसला, असं रत्ना म्हणाली असती, आणि ते खरंच ठरलं असतं. दुसरा मार्ग म्हणजे संघपालचं शेवटचं चित्र यंत्रणेला द्यायचं. यंत्रणेकडे तो असल्याची नोंद होती, तो संपल्याची नव्हती. माणसाच्या शेवटाचे फोटो सहसा कुणी काढत नाही.

ते चित्र प्रमिलाजवळ होतं. सरकारी दवाखान्याच्या त्या खोलीत ती एकटी गेली होती. बाबा दारापर्यंत आले आणि भिंतीला धरून उभे राहिले. आत काय पाहिलं ते तिने आईला सांगितलं नाही, पुढे लग्न झाल्यावर नवऱ्याला सांगितलं नाही, कुणालाच नाही. आता ते तिने हेडफोनच्या माइकमध्ये, संथ आवाजात, चौदा वर्षांच्या सवयीने डावीकडून उजवीकडे सांगितलं. लोखंडी पलंग, गुडघ्यापर्यंत ओढलेली चादर. डाव्या कपाळावर खोल जखम, रक्त वाळलेलं. शर्टाची वरची दोन बटणं तुटलेली. उजवा हात पलंगाखाली लोंबता. डोळे उघडे. ते मिटायचा तिने दोनदा प्रयत्न केला होता आणि ते मिटले नव्हते. वर्णनात तिने फक्त उघडे एवढंच म्हटलं. शेवटी म्हणाली, तो मृत आहे.

यंत्रणेने वर्णन स्वीकारलं. तिने ब्रेल पट्टीवर बोट फिरवून ते वाचलं. जखम होती, बटणं होती, उघडे डोळे होते. शेवटचं वाक्य नव्हतं.

ते का गेलं हे समजायला तिला गावितांकडे जावं लागलं नाही. तो नियम तिचाच होता. बारा वर्षांपूर्वी रस्त्याकडेला झोपलेल्या एका मजुराच्या फोटोला वाचकाने 'मृत माणूस' म्हटलं होतं आणि त्या माणसाच्या दृष्टिहीन बायकोने ते गावाकडे बसून ऐकलं होतं. तेव्हा प्रमिलाने समितीपुढे भांडून नियम करून घेतला होता: दिसतं तेवढंच सांगायचं, त्यावरून काढलेला निष्कर्ष सांगायचा नाही. मेलेपण दिसत नाही. दिसतं ते रक्त, चादर, उघडे डोळे. आणि पलंगावर पडलेला, डोळे उघडे असलेला जखमी तरुण बहुतेक वेळा बरा होऊन घरी जातो.

चार दिवसांनी रत्नाने फोन केला नाही, तिच्या नवऱ्याने केला. प्रशिक हा मितभाषी माणूस. पण तो घाबरलेला होता. जुने फोटो बदललेत, तो म्हणाला. बक्षीस समारंभात खांबापाशी उभ्या असलेल्या दादाच्या डाव्या कपाळावर आता टाक्यांची खूण आहे. आमच्या लग्नाच्या फोटोत शेवटच्या रांगेत तो आहे, केस कपाळावरून मागे गेलेले, तीच खूण. आणि गेल्या दिवाळीच्या फोटोत, आमच्या फाटकाबाहेर. रत्नाचं म्हणणं, अपघात झाला हे खरं, पण तो त्यातून वाचला. तो कुठेतरी आहे आणि येऊन आपल्याला लांबून बघून जातो.

प्रमिलाने विचारलं, ती कुठे आहे?

रत्नाने बँकेतून रजा घेतली होती. दिवाळीच्या फोटोतला तो पन्नाशीचा चेहरा तिने इंटरनेटवर टाकला होता आणि ओळखणाऱ्याने कळवावं असं लिहिलं होतं. सतरा जणांनी ओळखला. कुणी त्याला हिंगणघाटच्या बस स्टँडवर पाहिलं होतं, कुणी पुलगावला रंगाच्या दुकानात. सर्वांत शक्य असा तो चेहरा होता. कुणाला ना कुणाला तो ओळखीचा वाटणारच होता. रत्ना हिंगणघाटला जाऊन आली होती. त्या दिवशी ती पुलगावला होती.

संध्याकाळी प्रमिलाने तिला फोन लावला. मागे गाड्यांचे आवाज येत होते. रत्ना दमलेल्या आवाजात म्हणाली, की दुकानदाराला फोटो दाखवल्याबरोबर तो हो म्हणाला, दर महिन्याला येतो म्हणाला. मी उद्याही इथेच थांबते. मग तिने विचारलं, ताई, मी फाटकाजवळ गेले असते तर तो थांबला असता का गं?

दुसऱ्या दिवशी सकाळी हातावर ऊन यायच्या आधीच प्रमिला आपल्या खोलीत जाऊन बसली.

तिला खोटं चित्र सांगायचं होतं. चौदा वर्षांत तिने एकही खोटा शब्द बीजात घातला नव्हता. पण खरं सांगितलं तर यंत्र त्याला जिवंत ठेवत होतं. यंत्राला मृत्यू ज्या खुणांवरून ओळखता येतो त्या खुणा तिला द्यायला हव्या होत्या. हजारो फोटोंतून त्या खुणा तिने स्वतः ऐकल्या होत्या. तिने दवाखान्याचं वर्णन पुसलं आणि संघपालच्या त्याच नोंदीत नवं सांगायला घेतलं. घराचं अंगण. सतरंजीवर पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला देह, चादर चेहऱ्यावरून ओढलेली. वर झेंडूचे हार. उशापाशी दोन पेटत्या मेणबत्त्या. पांढऱ्या कपड्यांतली माणसं हात जोडून बसलेली. एका बाजूला, भिंतीला धरून उभे बाबा.

असा फोटो कुणी काढला नव्हता. आणि हे दृश्य तिने पाहिलंही नव्हतं. संघपालला अंगणातून नेलं तेव्हा ती रत्नाला घेऊन शेजाऱ्यांच्या घरात, दार लावून बसली होती.

यंत्रणेने एकही शंका न काढता ते स्वीकारलं.

गावितांनी खालच्या मजल्यावरून सांगितलं, की बक्षीस समारंभाच्या फोटोत आता खांबापाशी एक अनोळखी बाई उभी आहे. लग्नाच्या शेवटच्या रांगेत प्रशिकचे कुणी नातेवाईक आहेत. फाटकाबाहेर कुणी नाही. चिखलदऱ्याच्या झाडाला टेकून तो आहे. त्यांनी विचारलं, तुम्ही नेमकं काय सांगितलंत? प्रमिला म्हणाली, की उद्या लिहून देते आणि त्यासोबत राजीनामाही देते. गावितांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज फोनवर आला.

रत्नाचा फोन आठवड्याने आला. ती घरी परतली होती. अंगणातला तो फोटो तिला कुटुंबाच्या फोटोंमध्ये सापडला होता आणि तिने तो कितीतरी वेळा बघितला होता. तो कुठून आला, इतकी वर्षं का दिसला नव्हता, असं तिने विचारलं नाही. बहुधा विचारायची तिची इच्छा नव्हती. ती म्हणाली, ताई, मला आता खांबापाशी कोण होतं ते आठवतच नाही. कंपासपेटी तूच दिली असशील. मी तुला फार बोलले.

प्रमिला म्हणाली, राहू दे. दोघी थोडा वेळ रडल्या. मग रत्ना म्हणाली, की भिंतीवरचा चिखलदऱ्याचा फोटो तिने काढून ठेवलाय. त्यातल्या चेहऱ्यावर तिचा आता विश्वास बसत नाही. यंत्राने काढलेला चेहरा तिला नको होता.

"आई-बाबाही गेले. त्याला खरं पाहिलेलं आता तूच एक आहेस," ती म्हणाली. "मुलीच्या वहीत मी लिहून ठेवीन. तू सांग ना, तो कसा दिसायचा. मी पेन घेऊन बसलेय."

प्रमिलाने डोळे मिटले. याची गरज नव्हती, पण आठवताना ती नेहमीच मिटायची. संघपालला तिने मनात बोलावलं आणि तो आला. रुंद कपाळ, भुवया, एका बाजूला वर जाणारे ओठ. तो सरळ तिच्याकडे बघत होता.

हा तो नव्हता. चिखलदऱ्याचा फोटो दुरुस्त केला त्या दुपारी फोनवर ऐकलेला हा चेहरा होता. त्या दिवशी एकही रेघ जुळत नव्हती हे तिला पक्कं आठवत होतं. कशाशी जुळत नव्हती, ते मात्र आठवेना. तिने दवाखान्यातला पलंग आठवला. पलंग आला, तुटलेली बटणं आली, जखम आली, आणि जखमेखाली तोच चेहरा आला. त्याहून मागे गेली. सायकल शिकणारा दहा वर्षांचा संघपाल, वाटीतला रंग ढवळणारा संघपाल, आईच्या मांडीवरचा संघपाल. सगळे त्याच चेहऱ्याने तिच्याकडे बघत होते. दर वयाला हिशेबाने बरोबर बसलेला.

मग तिने आईला आठवून पाहिलं, आणि आई आली ती हिरव्या साडीतली, पन्नाशीची स्त्री म्हणून आली.

चौदा वर्षं ती रोज शेकडो वर्णनं ऐकत होती आणि प्रत्येक वर्णनातून मनात चित्र उभं करत होती. ते तिच्या कामाचा भागच होतं. जे सांगितलेलं नसेल ते ती सर्वांत शक्य असेल तसं भरायची. त्याखालची मूळ चित्रं कधी पुसली गेली हे तिला कळलं नव्हतं. बघून पडताळता येईल असं काही तिच्याजवळ नव्हतंच.

"ताई?" रत्नाने विचारलं. "आहेस ना? सावकाश सांग. तुला दिसतो ना तो?"

"दिसतो," प्रमिला म्हणाली.

आणि तिला दिसत होतं ते, वरपासून खालपर्यंत, ती सांगू लागली.